रोमन सरहद्दीवरचे चर आणि मातीचे बांध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेड्रियनची भिंत म्हटली की डोळ्यांसमोर दगडी तट येतो. प्रत्यक्षात या सरहद्दीवरचे सर्वांत मोठे काम मातीचे होते, आणि दगड चोरीला गेलेल्या ठिकाणीही ते अजून जमिनीवर दिसते. पुढचे प्रश्न मुख्यतः उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीबद्दल (बांधकामाची सुरुवात इ.स. १२२) आणि स्कॉटलंडमधल्या अँटोनाइन भिंतीबद्दल (सुरुवात इ.स. १४२) आहेत.

भिंतीच्या आजूबाजूला नेमके काय काय खोदले होते?

हेड्रियनच्या भिंतीकडे शत्रूच्या बाजूने, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे, चालत आलात असे समजा. आधी लागतो उपसलेल्या मातीचा रुंद, बसका उंचवटा. मग व्ही आकाराचा चर. मग बर्म, म्हणजे चर आणि भिंत यांच्यामध्ये सोडलेला सपाट पट्टा. मग भिंत. भिंतीमागे काही अंतरावर लष्करी रस्ता (हा नंतरचा आहे). त्याच्याही मागे 'व्हॅलम', म्हणजे दोन बाजूंना मातीचे बांध आणि मध्ये सपाट तळाचा खोल चर. भिंत आणि व्हॅलम यांच्यातले अंतर ठिकठिकाणी बदलते. काही ठिकाणी दोन्ही अगदी जवळ आहेत, तर कड्यांच्या भागात भिंत वर माथ्यावरून जाते आणि व्हॅलम खालच्या सखल जमिनीतून.

आपल्याकडे मृद्संधारणाच्या कामात चर आणि बांध यांच्यामध्ये बर्म सोडतात, नाहीतर बांधाची माती परत चरात घसरते. रोमनांचा बर्मही पहिल्यांदा याच कामाचा. त्याचा दुसरा उपयोग पुढे येतो.

मापे काय होती?

रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा. हेड्रियनच्या भिंतीसमोरचा चर सर्वसाधारणपणे ८ ते ९ मीटर रुंद आणि सुमारे ३ मीटर खोल. दगडी भिंतीच्या भागात बर्म सुमारे ६ मीटर, पश्चिमेकडच्या मातीच्या भिंतीच्या भागात त्याच्या निम्म्याहून कमी.

व्हॅलमची मापे जास्त काटेकोर आहेत. चराची वरची रुंदी २० रोमन फूट, तळाची ८, खोली १०. दोन्ही बाजूंना ३० फुटांचा बर्म आणि त्यापलीकडे २० फूट रुंद बांध. सगळे मिळून १२० फूट, म्हणजे सुमारे ३६ मीटर. मैलोन्‌मैल हे माप फारसे ढळत नाही.

अँटोनाइन भिंतीचा चर सर्वांत मोठा. मधल्या भागात तो १२ मीटरपर्यंत रुंद आणि ४ मीटरच्या आसपास खोल आहे, काही भागांत अरुंद होतो.

चरात पाणी भरलेले असे का?

नाही. भुईकोट किल्ल्यांचे खंदक पाहिलेल्याला असे वाटणे साहजिक आहे, पण हा चर डोंगरउतारावर चढतो-उतरतो. पाणी अडवायला ठिकठिकाणी बंधारे घालावे लागले असते, आणि तसे बंधारे सापडत नाहीत. आज काही सखल भागांत चरात पाणी किंवा लव्हाळी दिसतात, ती गाळ साचून निचरा बंद झाल्यामुळे. रोमन सैन्याच्या दृष्टीने साचलेले पाणी हा दोषच होता: ओली बाजू ढासळते, तळ गाळाने वर येतो आणि चर उथळ होतो.

चर व्ही आकाराचाच का? आणि बाजूंचा उतार किती?

९ मीटर रुंदी आणि ३ मीटर खोली धरली तर प्रत्येक बाजू साडेचार मीटरमध्ये तीन मीटर उतरते, म्हणजे कोन साधारण ३४ अंशांचा. अँटोनाइन भिंतीचा १२ बाय ४ मीटरचा चर घ्या, कोन तोच येतो. सुट्या मातीचा ढीग स्वतःहून ज्या उताराला थांबतो, तो ३० ते ३५ अंशांच्या घरात असतो. म्हणजे चर पाहिजे तेवढा रुंद घेतला की बाजू आपोआप टिकतात, आधाराला काही लावावे लागत नाही. रुंदीत केलेला हा खर्च पुढच्या देखभालीत वाचतो.

आता व्हॅलमचा चर पाहा. वर २० फूट, तळाला ८ फूट, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त ६ फुटांत १० फूट खाली. कोन जवळजवळ ५९ अंश. चिकणमातीत आणि खडकात तो उभा राहतो, वाळूमिश्रित मातीत राहत नाही. म्हणून कमकुवत जमिनीत बाजूंना गवताच्या ढेपांचा किंवा दगडांचा आधार दिलेला आढळतो. एवढी किंमत मोजूनही सपाट तळ आणि उभ्या बाजू ठेवल्या, यावरूनच कळते की व्हॅलमचे काम भिंतीपुढच्या चरापेक्षा वेगळे होते.

रोमन लष्करी लेखनात चरांचे दोन प्रकार दिले आहेत. 'फास्तिगाता' म्हणजे दोन्ही बाजू उतरत्या. 'प्युनिका' म्हणजे बाहेरची बाजू जवळजवळ उभी आणि आतली उतरती. दुसऱ्या प्रकारात शत्रू सहज आत उडी मारतो, पण परत फिरताना उभ्या कडेला अडकतो आणि तटावरच्या माऱ्यात सापडतो. सरहद्दीवरचा लांबलचक चर पहिल्या प्रकारचा. प्युनिका छावण्या आणि किल्ल्यांभोवती भेटतो.

तळाशी जी चौकोनी खाच असते, ती पाय मोडण्यासाठी का?

बऱ्याच माहितीफलकांवर तसे लिहिलेले असते. काही रोमन चरांच्या तळाशी फावड्याच्या पात्याएवढी रुंद नाळ सापडते. गाळ काढताना माणूस तळाशी उभा राहून फावडे ओढत गेला की अशी नाळ आपोआप पडते, आणि पाणी वाहून जायलाही ती उपयोगी. आमच्या मते ती साफसफाईची खूण आहे. त्यात एखाद्याचा घोटा मुरगळला असेल तर तो वरचा फायदा.

हे सगळे खोदले कोणी, कशाने आणि किती दिवसांत?

मुख्य काम तीन लीजनांचे (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी): दुसरी ऑगस्टा, सहावी व्हिक्ट्रिक्स आणि विसावी व्हॅलेरिया व्हिक्ट्रिक्स. सहायक पथकेही होती. व्हॅलमवर डेशियन पथकाचे नाव कोरलेले दगड सापडले आहेत, म्हणजे त्या कामात लीजनांबाहेरचे सैनिकही होते.

हत्यार म्हणजे 'डोलाब्रा': एका बाजूला टिकावासारखे टोक, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाडीचे पाते. सोबत कुदळी, लोखंडी धार बसवलेली लाकडी फावडी, ढेपा कापण्याची चंद्रकोरी पाती आणि वेताच्या टोपल्या. घमेल्याचे काम टोपलीने व्हायचे. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर (इ.स. ११३) चरातून हातोहात टोपल्या वर देणारे सैनिक कोरले आहेत. शत्रूला डोलाब्राने जिंकावे, असे सेनापती कोर्ब्युलो म्हणत असे.

आता हिशेब. ९ बाय ३ मीटरच्या व्ही चरात दर मीटर लांबीला १३.५ घनमीटर माती निघते. आपल्या भाषेत पावणेपाच ब्रास. मऊ जमिनीत एक माणूस दिवसाला अडीच घनमीटर काढून बाहेर टाकतो असे धरले, तर एका मीटरला साडेपाच मनुष्यदिवस. शंभर माणसांची तुकडी दिवसाला १८ मीटर पुढे सरकेल. व्हॅलमच्या चरात दर मीटरला सुमारे १२.३ घनमीटर. न्यूकॅसलपासून बोनेसपर्यंत त्याची लांबी साधारण ११० किलोमीटर धरली तर एकूण माती साडेतेरा लाख घनमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावणेपाच लाख ब्रास. हे आकडे आमच्या गणिताचे आहेत. चिकणमाती, मुळे, गोटे आणि पाऊस आले की दिवसाचे काम निम्म्यावर येते.

खरी अडचण खोलीची. दीड मीटरपर्यंत माणूस फावड्याने माती थेट वर फेकू शकतो. त्याखाली गेले की मध्ये टप्पा ठेवावा लागतो किंवा टोपल्यांची साखळी लावावी लागते. म्हणूनच आपल्या बांधकाम खात्याच्या दरपत्रकातही दर दीड मीटरला वेगळी 'लिफ्ट' धरतात. तीन मीटरचा चर म्हणजे दोन लिफ्ट. खालच्या लिफ्टची माती थोडी असते (व्ही आकारात खालच्या निम्म्या खोलीत एकूण मातीचा चौथा भागच येतो), पण जागा अरुंद, माणसे कमी मावतात आणि पाय चिखलात. काम रेंगाळते ते इथेच.

आणखी एक गोष्ट हिशेबात विसरली जाते. खोदलेली माती फुगते. जमिनीतली १ घनमीटर माती बाहेर काढल्यावर २० ते ३० टक्के जास्त जागा घेते. चराशेजारचा उंचवटा सुरुवातीला आजच्यापेक्षा बराच उंच आणि भुसभुशीत असणार.

उपसलेली माती बाहेरच्या बाजूला का टाकली? ती भिंतीत का नाही वापरली?

माती उत्तरेच्या काठावर टाकली की चराची बाहेरची कड वर उचलली जाते आणि तेवढ्याच खोदाईत चर जास्त खोल भासतो. पण ढीग तसाच ठेवला तर शत्रूला आडोसा मिळेल. म्हणून तो लांबवर पसरून हळूहळू उतरता केला, म्हणजे भिंतीवरून पाहणाऱ्याची नजर त्याच्या अंगावरून सरळ पुढे जाते. हा उंचवटा रुंद, गुळगुळीत आणि निरुपद्रवी दिसतो. शेतातून चालताना तुम्ही तो ओलांडून जाता आणि लक्षातही येत नाही. बरेच लोक चर पाहतात, पण कामाचा हा अर्धा भाग त्यांच्याकडून सुटतो.

बर्मवर खड्डे सापडले म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

न्यूकॅसलच्या बायकर भागात, वॉलसेंडला आणि थ्रॉक्लीजवळ, भिंत आणि चर यांच्यामधल्या सपाट पट्ट्यात खड्ड्यांच्या ओळी सापडल्या. ओळी एकाआड एक सरकवलेल्या, म्हणजे पहिल्या ओळीतल्या दोन खड्ड्यांमधल्या फटीसमोर दुसऱ्या ओळीतला खड्डा. आत खुंट रोवल्याच्या खुणा होत्या. टोकदार फांद्या एकमेकींत गुंतवून केलेले काटेरी कुंपण असावे, असा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. आपल्याकडची बाभळीच्या फांद्यांची कुपाटी डोळ्यांसमोर आणा, फक्त प्रत्येक फांदी जमिनीत घट्ट पुरलेली.

यामुळे चित्र बदलते. पूर्वी समजूत अशी की चर ओलांडला की माणूस थेट भिंतीपाशी. निदान या भागांत तरी तसे नव्हते: चर, मग काटे, मग भिंत. खड्डे पूर्वेकडच्या सपाट भागात जास्त सापडले आहेत. लाकूड कुजते आणि वरून फक्त काळपट मातीचे ठिपके उरतात, त्यामुळे जुन्या उत्खननांत ते नजरेतून निसटले असणे शक्य आहे.

लाइमस्टोन कॉर्नरला चर अर्धवट का राहिला?

हेड्रियनच्या भिंतीवर एकच ठिकाण पाहणार असाल तर हे पाहा. ३० व्या मैलदुर्गाजवळ (मैलदुर्ग म्हणजे भिंतीवर साधारण दर रोमन मैलाला असलेली छोटी गढी) भिंत आपल्या सर्वांत उत्तरेच्या बिंदूला वळते. नाव लाइमस्टोन असले तरी इथला खडक चुनखडी नाही, डोलेराइट आहे. स्थानिक नाव व्हिनस्टोन. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचा हा जवळचा भाऊबंद: त्याच जातीचा शिलारस, फक्त जमिनीखाली थंड झालेला. पहारीने काळा पाषाण फोडायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला पुढचे वेगळे सांगायला नको.

चराच्या तळात अजून अवजड ठोकळे पडून आहेत. सर्वांत मोठा सुमारे १३ टनांचा असावा. त्याच्या माथ्यावर एका रेषेत पाचर मारण्यासाठी कोरलेल्या खाचा स्पष्ट दिसतात. पद्धत अशी: खडकातली नैसर्गिक शीर किंवा भेग शोधायची, तिच्यावर ओळीने खाचा पाडायच्या, त्यात पाचरी बसवून आलटून पालटून ठोकायच्या, मग ठोकळा रेषेवर उकलतो. वाळूच्या दगडाला थर असतात, तो मुकाट्याने फाटतो. डोलेराइटला थर नाहीत. तो फुटतो तो थंड होताना पडलेल्या सांध्यांवर, आणि सांधे आपल्याला हव्या त्या जागी नसतात. या ठोकळ्यावर खाचा पाडल्या, आणि काम तिथेच सुटले. काही खडक बाहेर काढून उत्तरेच्या काठावर टाकलेले आहेत. बाकी चराचा तळ उंचसखल, खडबडीत, पूर्ण खोलीला न पोहोचलेला.

आता पाठ फिरवा आणि रस्ता ओलांडून दक्षिणेकडे जा. तिथे व्हॅलम त्याच खडकातून गेला आहे, आणि तो पूर्ण खोदलेला आहे. बाजू उभ्या, तळ सपाट, दगड बाहेर. म्हणजे खडक अशक्य होता म्हणून चर सोडला, हे स्पष्टीकरण पुरत नाही. त्याच सैन्याने त्याच दगडात दुसरे काम तडीस नेले. भिंतीसमोर, माथ्यावरच्या या जागी अर्धा चर चालण्यासारखा होता. व्हॅलममध्ये मात्र एकही खिंड राहून चालणार नव्हती. दोन्ही कामांचे वजन रोमनांच्या मनात काय होते, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारी जागा या सरहद्दीवर दुसरी नाही.

चर कुठे कुठे खोदलाच नाही?

मधल्या भागात, सेवुइंगशील्ड्सपासून पश्चिमेला, भिंत व्हिन सिलच्या, म्हणजे त्याच डोलेराइटच्या पट्ट्याच्या, कड्यांच्या धारेवरून जाते. पुढे सरळ कडा असताना चराची गरज नाही. पण दोन कड्यांमधली खिंड आली की चर लगेच पुन्हा सुरू होतो आणि चढ लागला की थांबतो.

'व्हॅलम' हे नाव बरोबर आहे का?

नाही, पण आता ते पक्के झाले आहे. लॅटिनमध्ये व्हॅलम म्हणजे मातीचा तट किंवा त्यावरचे कुंपण. चराला शब्द आहे 'फोसा'. आठव्या शतकात बीड या धर्मगुरूने दगडी भिंतीपासून वेगळा दाखवण्यासाठी या मातकामाला व्हॅलम म्हटले आणि तेच रूढ झाले. पुस्तकात नुसते 'चर' लिहिले असेल तर उत्तरेचा समजावा. दक्षिणेच्या चराला नेहमी 'व्हॅलमचा चर' म्हणतात.

मग व्हॅलम होता कशासाठी?

रचनाच उत्तर देते. दोन्ही बाजूंना सारखे बांध, म्हणजे तोंड कुणा एका शत्रूकडे नाही. वाट फक्त किल्ल्यांसमोर. तिथे चर न खोदता मूळ जमिनीचा पूल सोडलेला आणि त्यावर दरवाजा. न्यूकॅसलच्या बेनवेल भागात असा एक पूल घरांच्या वस्तीत जपलेला आहे. दरवाजाच्या दगडी पायाचे खालचे थर आणि दोन्ही बाजूंना उतरणारा चर तिथे एका नजरेत दिसतो. मैलदुर्गांना फाटक असले तरी व्हॅलम आल्यावर भिंत ओलांडायच्या जवळजवळ ८० जागांवरून १५ ते १६ जागांवर आल्या. व्हॅलम म्हणजे लष्करी पट्ट्याची मागची हद्द: सैन्याची जनावरे आणि सामान आत, बाकी सगळे बाहेर, आणि ये-जा पहारेकऱ्यासमोरून.

क्रमही जमिनीत लिहिलेला आहे. व्हॅलम बहुतेक किल्ल्यांना वळसा घालून जातो, म्हणजे किल्ल्यांच्या जागा आधी ठरल्या होत्या. कॅरोबर्गचा किल्ला मात्र बुजवलेल्या व्हॅलमवर उभा आहे, म्हणजे तो नंतरचा.

सैन्य अँटोनाइन भिंतीकडे सरकले तेव्हा व्हॅलम मुद्दाम मोडला. ठरावीक अंतराने बांध कापून ती माती चरात टाकली आणि वाटा केल्या. आजही बांधांवरून पाहिले तर दर ४० मीटरच्या आसपास समोरासमोर खिंडी दिसतात. त्या गुराढोरांनी पाडलेल्या नाहीत.

पश्चिमेकडची भिंत मातीची होती, ती कशी रचली?

इर्थिंग नदीपासून बोनेसपर्यंत पहिली भिंत गवताच्या ढेपांची, पायाशी सुमारे ६ मीटर रुंद. रोमन लष्करी लेखनात ढेपेचे माप आहे: दीड फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट जाड. ओली असताना अशी ढेप २५ ते ३० किलो भरते. ट्रेजनच्या स्तंभावर ढेप पाठीवर घेऊन तिला दोरीने आवळलेले सैनिक आहेत.

चांगली ढेप यायला जमीन जुन्या कुरणाची हवी, मुळे दाट हवीत, माती थोडी ओलसर हवी. कोरड्यात ढेप भुगा होते, फार ओली असली तर उचलताना वाकून तुटते. विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे आणि बाहेरची बाजू आत झुकती ठेवायची.

एका मीटर लांबीला किती ढेपा? पाया ६ मीटर, उंची ३.६, माथा २ मीटर असे धरून पूर्ण भिंत ढेपांची मानली तर सुमारे ७४० ढेपा, आणि त्यासाठी जवळजवळ १०० चौरस मीटर कुरण सोलावे लागते. एवढे गवत मिळेना तिथे बाहेरच्या बाजू ढेपांच्या आणि पोटात साधी माती, हा मार्ग उरतो. चुकते ते हे: पोटातली माती भिजून फुगते आणि बाहेरचा थर ढकलते, किंवा ढेपांमधले गवत कुजून माथा असमान खचतो. पुढे हा सगळा भाग दगडात बांधला गेला. ४९ ते ५१ व्या मैलदुर्गांमध्ये, बर्डोस्वाल्डजवळ, दगडी भिंत वेगळ्या रेषेवरून नेली, म्हणून मातीच्या भिंतीची मूळ रेषा तिच्या चरासकट तिथे वाचली.

अँटोनाइन भिंत वेगळी कशात?

ती फोर्थपासून क्लाइडपर्यंत सुमारे ६० किलोमीटर. दगडी पायावर (रुंदी सव्वाचार ते साडेचार मीटर) ढेपांची भिंत. हेड्रियनच्या मातीच्या भिंतीतून शिकलेला हा धडा: खाली दगड आणि मधून मोऱ्या ठेवल्याने पावसाचे पाणी भिंतीमागे तुंबत नाही आणि पाया पसरत नाही. बेअर्सडेनच्या दफनभूमीत हा पाया मोरीसकट उघडा आहे. फॉल्कर्कच्या पूर्वेला ढेपांऐवजी मातीचे पोट आणि चिकणमातीच्या बाजू आहेत.

भिंत हलकी, चर मात्र थोरला: १२ बाय ४ मीटरला दर मीटर २४ घनमीटर, साडेआठ ब्रास. क्रॉय हिलवर हा चर कठीण खडकातून नेला आहे, पण तिथेही सुमारे २५ मीटरचा तुकडा न खोदता सोडला. कोणत्या लीजनने किती अंतर केले ते कोरीव फलकांवर आहे. १८६८ मध्ये ब्रिजनेसला सापडलेल्या फलकावर दुसऱ्या ऑगस्टाचे ४,६५२ 'पासूस', म्हणजे सुमारे ६.९ किलोमीटर. पश्चिम टोकाच्या फलकांवर अंतर पावलांऐवजी फुटांत आहे. वीस-बावीस वर्षांत, इ.स. १६० च्या दशकात, ही भिंत सोडून दिली.

'लिलिया' म्हणजे काय?

फसवे खड्डे. नाव लिली फुलावरून. इ.स.पू. ५२ मध्ये अलेसियाच्या वेढ्यात सीझरने खणले त्याची कृती त्याने स्वतः लिहून ठेवली आहे: तीन फूट खोल, खाली निमुळता खड्डा. त्यात मांडीएवढा जाड खुंट, टोक तासून आगीत भाजून कडक केलेले, जमिनीवर चार बोटांहून जास्त वर न येणारा. तळाशी एक फूट माती तुडवून घट्ट करायची, वर काटक्या-पाला. अशा आठ ओळी, तीन-तीन फुटांवर. स्कॉटलंडमधल्या रफ कॅसल किल्ल्यासमोर, चराच्या पलीकडे, अशा खड्ड्यांच्या दहा ओळी आज उघड्यावर पाहता येतात.

उत्खननात चराचा छेद कसा वाचायचा?

चराला आडवा काप घेतला की कडेच्या भिंतीत थर दिसतात. सर्वांत खाली, कोपऱ्यांत त्रिकोणी साचलेला खडा-माती मिश्रित थर: हा पहिल्या काही हिवाळ्यांचा. दंवाने बाजू सुटतात आणि चर सुरुवातीलाच झपाट्याने भरतो. मग बाजूंवर गवत धरते आणि वेग एकदम मंदावतो. त्यावरचा बारीक गाळ शतकांचा. सर्वांत वर नांगराची माती.

इथे नेहमी होणारी चूक: तळाशी सापडलेल्या खापरावरून चर कधी खोदला ते ठरवणे. ते खापर शेवटची साफसफाई कधी झाली ते सांगते, कारण प्रत्येक साफसफाईत आधीचा गाळ निघून जातो. खोदाईच्या काळासाठी उपसलेल्या मातीच्या उंचवट्याखाली दबलेली जुनी जमीन तपासावी. तिच्यात परागकण टिकतात, आणि भिंतीखाली काही ठिकाणी रोमनपूर्व नांगराच्या ओरखड्यांच्या रेषाही सापडल्या आहेत. चर ओसाड रानातून नव्हे, पिकत्या शेतांतून गेला.

प्रत्यक्ष पाहायला कुठे आणि कधी जावे? ओळखायचे कसे?

न्यूकॅसलहून पश्चिमेला जाणारा बी ६३१८ रस्ता घ्या. १७४५ च्या बंडात तोफखाना पश्चिमेला नेता आला नाही, म्हणून १७५० च्या दशकात हा लष्करी रस्ता बांधला, आणि बऱ्याच अंतरावर तो थेट भिंतीच्या पायावर आहे. पश्चिमेकडे तोंड करून जाताना उजवीकडची खोलगट पट्टी म्हणजे चर, डावीकडची दोन बांधांमधली पट्टी म्हणजे व्हॅलम. एवढे लक्षात ठेवले की गाडीतूनही ओळख पटते. हंगामात ए डी १२२ क्रमांकाची बस या भागात फिरते. अँटोनाइन भिंतीसाठी फॉल्कर्क गाठा: वॉटलिंग लॉजचा चर मूळ मापाच्या सर्वांत जवळचा, आणि रफ कॅसल तिथून लांब नाही.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. तिरप्या उन्हात एक हात खोल उरलेला चरही सावलीने उठून दिसतो, भर दुपारी मात्र तीन हात खोलही सपाट वाटतो. नांगरलेल्या भागात कोरड्या उन्हाळ्यात बुजलेल्या चरावरचे पीक हिरवे राहते, कारण खाली ओल धरणारी माती जास्त खोल असते. घरबसल्या पाहायचे असेल तर इंग्लंडचे लायडार नकाशे (विमानातून लेसरने जमिनीचे उंचसखल मोजून केलेले) मोफत उपलब्ध आहेत. त्यात व्हॅलमच्या दोन समांतर रेषा चटकन सापडतात. जुन्या खाणी, रस्त्याकडेची गटारे आणि मध्ययुगीन शेतांचे वरंबे यांच्याशी मात्र गल्लत होते. शंका आली तर रुंदी पावलांनी मोजा: व्हॅलम बांधाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बांधाच्या बाहेरच्या कडेपर्यंत ३६ मीटरच्या जवळपास भरला पाहिजे.

जर्मनीतही असेच होते का?

ऱ्हाईनब्रोलपासून आयनिंगपर्यंत सुमारे ५५० किलोमीटरची सरहद्द होती. आधी लाकडी कुंपण, नंतर पश्चिम भागात त्यामागे चर आणि मातीचा बांध, पूर्वेच्या रेशियात मात्र दगडी भिंत. म्हणजे तिथे कुंपण पुढे आणि चर मागे, ब्रिटनच्या उलट.

चालताना आणि फोटो काढताना काय पाळावे?

हेड्रियनच्या भिंतीलगतची राष्ट्रीय पायवाट (२००३ पासून, १३५ किलोमीटर) बरीचशी गवतावरून जाते. एकामागोमाग एका रेषेत चाललात तर गवत मरते, पाऊस त्या रेषेतून धावतो आणि बांधाला घळ पडते. म्हणून शेजारी-शेजारी चाला, बांधांच्या उतारावर चढू-उतरू नका, आणि शक्यतो मे ते ऑक्टोबर या महिन्यांतच या. ओल्या हिवाळ्यात एका गटाने केलेले नुकसान भरायला अख्खा उन्हाळा लागतो. संरक्षित भागात परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणे किंवा खणणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. उंदीरघुशीच्या किंवा सशाच्या बिळातून एखादे खापर बाहेर आलेले दिसले तरी उचलू नका: जागेचा फोटो घ्या, शेजारी एखादे नाणे किंवा पेन मापासाठी ठेवा, आणि जवळच्या किल्ल्याच्या संग्रहालयात दाखवा.